ओरल कोलेसिस्टोग्राफी: पित्ताशयाच्या जुन्या एक्स-रे तपासणीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोनोग्राफी सर्रास होण्याआधी जवळपास अर्धशतकभर पित्ताशयाचे निदान एका तपासणीच्या आधारे होत असे. रात्री गोळ्या घ्यायच्या आणि सकाळी एक्स-रे काढायचा. डॉक्टर तिला ओरल कोलेसिस्टोग्राफी किंवा थोडक्यात ओसीजी म्हणत. शोधकांच्या नावावरून ग्रॅहम-कोल चाचणी असेही तिला म्हटले जाई. जुन्या फायलींमध्ये तिचे रिपोर्ट अजून सापडतात आणि त्यातली भाषा आता अनेकांना उलगडत नाही. म्हणून ही प्रश्नोत्तरे.

ही तपासणी नेमकी काय दाखवत होती?

बहुतेकांचा समज असा असतो की ती खडे शोधण्याची तपासणी होती. खडे दिसत, हे खरेच. पण तिचा पाया वेगळा होता. पित्ताशय आपले काम करत असेल तरच फिल्मवर त्याची सावली उमटायची. आतड्याने औषध शोषले, यकृताने ते पित्तात सोडले, पित्तनलिका मोकळी असल्यामुळे ते पित्ताशयात शिरले आणि पित्ताशयाने पाणी शोषून ते दाट केले, एवढे सगळे सुरळीत झाले की सकाळी नासपतीच्या आकाराची पांढरी सावली दिसे. या साखळीतली एक कडी निसटली तरी फिल्म कोरी राहायची.

म्हणजे ती अवयवाच्या चित्रातून त्याच्या कार्याची परीक्षा होती. हे एकदा लक्षात आले की पुढची सगळी तयारी, वेळा आणि पथ्ये आपोआप समजतात.

साध्या एक्स-रेमध्ये पित्ताशय दिसत नाही का?

नाही. हाडांत कॅल्शियम असते म्हणून ती दिसतात. पित्ताशय, पित्त, यकृत, आसपासचे स्नायू या सगळ्यांची घनता जवळजवळ सारखी असल्यामुळे एक्स-रे त्यांच्यात फरक करू शकत नाही. खड्यांचेही तेच. पित्ताचे बहुतांश खडे कोलेस्टेरॉलचे असतात आणि ते साध्या फिल्मवर उमटत नाहीत. कॅल्शियम पुरेसे असलेले, म्हणून दिसणारे खडे शंभरात दहा-पंधराच.

रॉन्टगेन यांना १८९५ मध्ये एक्स-किरणांचा शोध लागला आणि काही महिन्यांतच डॉक्टर हाडे, छाती, शरीरात घुसलेल्या बंदुकीच्या गोळ्या पाहू लागले. पोटातल्या अवयवांसाठी मात्र काही तरी अपारदर्शक आत भरावे लागले. जठर आणि आतड्यांसाठी आधी बिस्मथ आणि मग बेरियम आले, कारण ते गिळता येते. पित्ताशयात असे काही गिळून भरता येत नाही. त्याचे तोंड पित्तनलिकेत उघडते, आणि तिथे जे काही पोचायचे ते यकृतातून येणाऱ्या पित्ताबरोबरच.

मग ही कल्पना सुचली कोणाला?

अमेरिकेतल्या सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात शल्यचिकित्सेचे प्रमुख असलेल्या एव्हार्ट्स ग्रॅहम यांना. त्यांना दोन जुनी निरीक्षणे जोडून पाहावीशी वाटली, आणि माझ्या मते हा जोडच या सगळ्या इतिहासातला सर्वांत सुंदर भाग आहे.

पहिले निरीक्षण जॉन एबल आणि लिओनार्ड रॉनट्री यांचे. १९०९ मध्ये ते फिनॉल्फ्थॅलीन जातीच्या संयुगांचा रेचक म्हणून अभ्यास करत होते. या संयुगांना क्लोरीन जोडले की ती लघवीवाटे न जाता यकृतामार्गे पित्तात उतरतात, असे त्यांना आढळले. पुढे याच गुणाचा उपयोग यकृताची कार्यक्षमता मोजायला झाला.

दुसरे निरीक्षण पेटन राउस आणि फिलिप मॅकमास्टर यांचे, १९२१ चे. कुत्र्यांवरील प्रयोगांत त्यांनी दाखवले की पित्ताशय पित्त नुसते साठवत नाही, त्यातले पाणी शोषून ते सुमारे दहापट दाट करू शकते.

ग्रॅहम यांचा विचार असा होता: क्लोरीनचे अणू हलके, त्यांनी एक्स-किरण अडत नाहीत. त्यांच्या जागी ब्रोमीन किंवा आयोडीनचे जड अणू बसवले तर? संयुग पित्तात उतरेल, पित्ताशय ते दाट करेल आणि सावली पडण्याइतके जड अणू एका जागी जमतील. प्रयोगांची जबाबदारी त्यांनी वॉरन कोल या तरुण डॉक्टरवर सोपवली. संयुगे सेंट लुईसमधल्याच मॅलिनक्रॉट या रासायनिक कारखान्याने पुरवली. ग्लोव्हर कोफर आणि रेडिऑलॉजिस्ट शेरवुड मूर हेही या कामात होते. मनुष्यावरील यशाचा पहिला अहवाल फेब्रुवारी १९२४ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात छापून आला.

ग्रॅहम यांचे नाव आणखी दोन कारणांनी वैद्यकाच्या इतिहासात आहे. १९३३ मध्ये कर्करोगासाठी संपूर्ण फुप्फुस एकाच शस्त्रक्रियेत यशस्वीपणे काढणारे ते पहिले. १९५० मध्ये अर्न्स्ट विंडर यांच्यासोबत त्यांनी धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवणारा अभ्यास प्रसिद्ध केला. ते स्वतः अनेक वर्षे सिगारेट ओढत. १९५७ मध्ये फुप्फुसाच्या कर्करोगानेच त्यांचे निधन झाले.

उपाशी कुत्र्याची गोष्ट खरी आहे का?

खरी आहे. ती कोल यांनी स्वतःच नंतर सांगितली. १९२३ मध्ये ते प्राण्यांना ही संयुगे टोचून एक्स-रे काढत होते आणि दर वेळी फिल्म कोरी निघत होती. कितीतरी प्रयोग असे वाया गेले. मग एके दिवशी एका कुत्र्याच्या फिल्मवर पित्ताशय स्वच्छ उमटले. औषध तेच, मात्रा तीच, प्राणी तसाच. फरक कशात होता हे शोधताना कळले की प्राण्यांची देखभाल करणाऱ्या माणसाने त्या सकाळी त्या कुत्र्याला खायला घातले नव्हते.

बाकीचे कुत्रे जेवून आलेले होते. अन्नातली चरबी आतड्यात पोचली की पित्ताशय आकुंचन पावते आणि आतले पित्त बाहेर ढकलते. त्यामुळे आत आलेले औषधही टिकत नव्हते. उपाशी प्राण्याचे पित्ताशय मात्र सैल राहून भरत गेले आणि भरलेले दाट करत गेले.

कोल यांना नशिबाने साथ दिली असे अनेक जण म्हणतात. मला त्यात नशिबाचा वाटा छोटा दिसतो. एक फिल्म वेगळी आल्यावर ती अपवाद म्हणून बाजूला न ठेवता कुत्र्यांच्या पिंजऱ्यापर्यंत चौकशी करत जाणे, यालाच संशोधन म्हणतात.

सोनोग्राफीला जाताना उपाशीपोटी बोलावतात, त्याचा याच्याशी संबंध आहे का?

कारण तेच. सोनोग्राफीत औषध नसते, पण पित्ताशय भरून फुगलेले असेल तरच त्याची भिंत आणि आतले खडे नीट पाहता येतात. जेवून गेल्यास ते आकसलेले दिसते, भिंत उगाच जाड वाटते आणि छोटा खडा घड्यांत लपू शकतो. सर्वसाधारणपणे सहा ते आठ तास उपवास सांगतात. चहात दूध असते, म्हणून चहाही नको.

सुरुवातीला इंजेक्शन होते. गोळ्या कधी आल्या?

पहिल्या अहवालातले औषध ब्रोमीनचे होते आणि ते शिरेतून द्यावे लागे. मात्रा मोठी होती, मळमळ, चक्कर, रक्तदाब उतरणे असे त्रास होत आणि औषध शिरेबाहेर झिरपले तर तिथली त्वचा खराब होई. लवकरच ब्रोमीनच्या जागी आयोडीन आले. आयोडीनचा अणू अधिक जड असल्याने कमी औषधात चांगली सावली मिळू लागली. १९२५ पासून हेच औषध तोंडाने देण्याचे प्रयोग सुरू झाले, पण उलट्या-जुलाबांमुळे ते किती शोषले गेले याचा भरवसा नसे.

१९४० मध्ये जर्मनीत दोन आयोडीन अणू असलेले नवे औषध आले. प्रायोडॅक्स या नावाने ते ओळखले गेले आणि त्याने त्रास बराच कमी झाला. खरा बदल घडवला तो आयोपॅनोइक ॲसिडने. १९५० च्या सुमारास टेलिपेक या नावाने ते बाजारात आले. एका रेणूत तीन आयोडीन अणू, म्हणजे वजनाच्या सुमारे दोन तृतीयांश आयोडीनच. नेहमीची मात्रा ५०० मिलिग्रॅमच्या ६ गोळ्या, एकूण ३ ग्रॅम. पुढची तीसेक वर्षे जगभर याच गोळ्यांचे राज्य होते. सोबतीला आयपोडेट, आयोसेटॅमिक ॲसिड, टायरोपॅनोएट अशी औषधेही वापरात होती.

गोळी गिळल्यावर ती पित्ताशयापर्यंत कशी जाते?

हे औषध चरबीत विरघळणारे. त्यामुळे ते लहान आतड्याच्या भिंतीतून रक्तात शिरते. रक्तात गेल्यावर ते अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटून राहते, म्हणून मूत्रपिंडातून पटकन गळून जात नाही आणि यकृतापर्यंत पोचते. यकृताच्या पेशी त्याला ग्लुकुरोनिक ॲसिड जोडतात. आता ते पाण्यात विरघळणारे झाले आणि पित्तात सोडले गेले.

इथे निसर्गाची एक सोय कामी येते. पाण्यात विरघळणाऱ्या या रूपाला पित्ताशयाची भिंत परत शोषू शकत नाही. पाणी आणि क्षार मात्र शोषले जातात. म्हणून रात्रभरात पित्ताशयातले पित्त आटत जाते आणि आयोडीन तिथेच दाट होत राहते. गोळ्या घेतल्यापासून साधारण १२ ते १४ तासांनी सावली सर्वांत ठळक असते. रात्रीच्या गोळ्या आणि सकाळचा एक्स-रे हे वेळापत्रक त्यातूनच आले.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. पित्तनलिकांमध्ये हेच औषध वाहत असते, पण तिथे ते दाट होत नाही. म्हणून ओसीजीत नलिका सहसा दिसत नाहीत.

तपासणीची तयारी कशी करून घेत?

दवाखान्यागणिक थोडा फरक असे. सर्वसाधारण क्रम असा:

आदल्या दिवशी दुपारच्या जेवणात थोडे स्निग्ध पदार्थ घ्यायला सांगत, म्हणजे आधीचे जुने घट्ट पित्त निघून जाई आणि नव्या पित्ताला जागा होई. बरेच दिवस अजिबात चरबी न खाल्लेल्या रुग्णाचे पित्ताशय आधीच गच्च भरलेले असते, त्यात औषधी पित्त शिरायला वाव उरत नाही. रात्रीचे जेवण मात्र पूर्णपणे तेल-तूपविरहित. त्यानंतर गोळ्या, एकदम नाही, तर काही मिनिटांच्या अंतराने एकेक, पाण्याच्या घोटाबरोबर. मग सकाळपर्यंत पाण्याशिवाय काही नाही.

पाणी भरपूर पिण्याचा आग्रह असे आणि तो योग्यच होता. हे औषध यूरिक ॲसिड मोठ्या प्रमाणात लघवीत सोडायला लावते. शरीर कोरडे पडलेले असेल तर मूत्रपिंडावर ताण येण्याचा धोका असतो.

एक्स-रे कसा काढत? एकच फिल्म पुरत असे का?

एकीवर कधीच भागत नसे. गोळ्या देण्याआधी एक साधी फिल्म काढून ठेवणे चांगले मानले जाई. कॅल्शियमयुक्त खडा औषधाच्या पांढऱ्या सावलीत बुडून जाऊ शकतो, तो आधीच्या फिल्मवर सापडतो.

सकाळी रुग्णाला पालथे झोपवून उजवी बाजू थोडी उचलत, म्हणजे पित्ताशय पाठीच्या कण्यापासून बाजूला येई आणि फिल्मच्या जवळ जाई. मग उभे करून आणि उजव्या कुशीवर झोपवून आणखी फिल्म. शेजारच्या मोठ्या आतड्यातला वायू नेमका पित्ताशयावर येऊन खड्यासारखा दिसे, म्हणून स्थिती बदलून पाहणे अत्यावश्यक होते. किलोव्होल्टेज, म्हणजे किरणांचा जोर, मुद्दाम कमी, साधारण ६५ ते ७५ ठेवत. आयोडीन सुमारे ३३ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेच्या किंचित वरच्या किरणांना सर्वांत जोरात अडवते. व्होल्टेज वाढवले की किरण त्याच्यातूनही निसटतात आणि सावली फिकी पडते.

उभ्या स्थितीतली फिल्म हा अनुभवी रेडिऑलॉजिस्टचा हातखंडा. पडलेल्या अवस्थेत विखुरलेले बारीक खडे उभे राहताच हालतात. कोलेस्टेरॉलचे काही खडे दाट पित्तात बुडतही नाहीत आणि वरही येत नाहीत, आपल्या घनतेच्या पातळीवर एका ओळीत तरंगत राहतात. फिल्मवर ती काळ्या ठिपक्यांची आडवी रांग एकदा पाहिली की विसरता येत नाही.

मध्येच तेलकट किंवा दुधाळ काही का खायला देत?

पित्ताशय आकुंचन पावते का, हे पाहण्यासाठी. एडवर्ड बॉयडेन या शरीररचनाशास्त्रज्ञाने १९२० च्या दशकात अंड्याचा पिवळा बलक आणि साय यांचे मिश्रण यासाठी वापरले, आणि त्यालाच बॉयडेनचे भोजन हे नाव पडले. १९२८ मध्ये आयव्ही आणि ओल्डबर्ग यांनी आतड्यातून येणाऱ्या त्या संप्रेरकाचा शोध लावला जे पित्ताशयाला आकुंचनाचा निरोप देते. त्याचे नाव कोलेसिस्टोकायनिन. नंतर काही ठिकाणी जेवणाऐवजी हेच संप्रेरक टोचत.

अर्ध्या ते एक तासाने पुन्हा फिल्म काढत. पित्ताशय लहान झालेले दिसे, कधी कधी नळीचा भाग भरून दिसे, आणि मोठ्या सावलीत हरवलेला एखादा छोटा खडा आकसलेल्या पित्ताशयात उघडा पडे.

फिल्मवर काय काय ओळखता येई?

खडे: पांढऱ्या सावलीत काळ्या, गोल किंवा कोनदार पोकळ्या. स्थिती बदलली की त्या सरकतात.

पॉलिप, म्हणजे आतल्या भिंतीवरची लहान वाढ: तीही काळी पोकळीच, पण भिंतीला चिकटलेली. रुग्ण उभा राहो वा झोपो, जागा सोडत नाही.

ॲडिनोमायोमॅटोसिस नावाच्या विकारात पित्ताशयाच्या भिंतीत बारीक कप्पे तयार होतात. औषध त्यांत शिरून मुख्य सावलीभोवती पांढऱ्या थेंबांची माळ उमटे. या बाबतीत ओसीजीचे चित्र फार बोलके असे. टोकाला दुमडलेले पित्ताशय, ज्याला फ्रिजियन टोपी म्हणतात, हा निव्वळ जन्मजात आकाराचा प्रकार असून आजार नव्हे. जुन्या रिपोर्टमध्ये तसा उल्लेख असेल तर घाबरू नये.

रिपोर्टमध्ये "नॉन-व्हिज्युअलाइज्ड गॉलब्लॅडर" लिहिले आहे. म्हणजे पित्ताशयच नव्हते का?

हा सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न, आणि त्याचे उत्तर नीट समजून घ्यायला हवे. पित्ताशय नाही असा त्याचा अर्थ नाही. त्याची सावली उमटली नाही, एवढाच अर्थ.

पहिल्या प्रयत्नात सावली आली नाही तर लगेच निष्कर्ष काढत नसत. त्याच दिवशी रात्री पुन्हा गोळ्या देऊन दुसऱ्या सकाळी परत फिल्म काढत. दोन्ही वेळा कोरी फिल्म आली तर आधी बाकीची कारणे तपासत. रुग्णाला उलटी झाली का? जुलाब झाले का? गोळ्या खरोखर घेतल्या का? जठराच्या तोंडाशी अडथळा आहे का? आतड्यात शोषण नीट होते का? यकृत आजारी आहे का? पूर्वी पित्ताशय काढले तर नाही ना? यांतले काही नसेल तर निष्कर्ष उरे तो एकच: पित्ताशयाच्या नळीत खडा अडकला आहे किंवा दीर्घकाळच्या दाहाने भिंत इतकी खराब झाली आहे की ती पाणी शोषू शकत नाही. अशा रुग्णांच्या शस्त्रक्रियेत बहुतेक वेळा आजारी, खड्यांनी भरलेले पित्ताशयच सापडे.

न दिसणे हाच पुरावा मानणारी तपासणी वैद्यकात विरळाच. तिच्यावर भरवसा ठेवण्याची अट एकच होती, की बाकीची सगळी कारणे प्रामाणिकपणे वगळली गेली पाहिजेत. ज्यांनी ती घाईने वगळली त्यांनी निरोगी पित्ताशयेही काढली असणार, हे मान्य करायला हवे.

कावीळ असताना ही तपासणी का करत नसत?

कारण कावीळ असताना यकृत औषध पित्तात सोडू शकत नाही किंवा पित्ताचा मार्गच बंद असतो. रक्तातले बिलिरुबिन, म्हणजे काविळीत वाढणारे पिवळे द्रव्य, साधारण २ ते ३ मिलिग्रॅम प्रतिशतच्या वर गेले की सावलीची आशा सोडून देत. ही या तपासणीची मोठी मर्यादा. ज्या रुग्णाला तिची सर्वाधिक गरज, नेमका त्यालाच ती उपयोगी पडत नसे. पित्ताशयाला अचानक सूज येऊन तीव्र दुखणाऱ्यांचेही तसेच: उलट्यांत गोळ्या टिकत नाहीत आणि एक रात्र थांबायला वेळ नसतो.

मग त्या रुग्णांसाठी काय होते?

१९५३ मध्ये बिलिग्राफिन नावाचे शिरेतून देण्याचे औषध आले. त्याच्या एका रेणूत सहा आयोडीन अणू होते आणि दाट न होताही नलिका दिसाव्यात इतके ते पित्तात उतरे. पित्ताशय काढलेल्या रुग्णांत नलिकेत राहिलेला खडा शोधायला ते कामी येई. पण गंभीर ॲलर्जीचे प्रमाण बरेच जास्त होते. औषध फार हळू सोडावे लागे आणि कावीळ वाढली की तेही निकामी ठरे.

शस्त्रक्रियेच्या टेबलावरच पित्तनलिकेत औषध सोडून एक्स-रे काढण्याची पद्धत अर्जेंटिनातल्या कोर्दोबा येथील पाब्लो मिरिझ्झी यांनी १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला रुळवली. ती आजही वापरात आहे. त्वचेतून यकृतात सुई घालून नलिका भरण्याचा प्रयत्न १९३७ मध्ये हनोईत झाला होता, पण रक्तस्राव आणि पित्तगळतीची भीती असे. १९७० च्या दशकात जपानमधून आलेल्या बारीक, लवचीक चिबा सुईने ही पद्धत सुरक्षित केली. तोंडातून दुर्बीण घालून नलिकेच्या मुखातून औषध सोडण्याची पद्धत, म्हणजे ईआरसीपी, १९६८ पासूनची.

या गोळ्या धोकादायक होत्या का?

बहुतेकांना मळमळ, पोटात मुरडा किंवा जुलाब एवढ्यावरच भागे. आयोडीनची ॲलर्जीसारखी प्रतिक्रिया शक्य होती, पण शिरेतल्या औषधांच्या तुलनेत कमी.

एक प्रकरण मात्र विसरता कामा नये. बुनामिओडिल नावाच्या गोळ्यांमुळे काही रुग्णांची मूत्रपिंडे निकामी झाली, विशेषतः मात्रा वाढवली किंवा लागोपाठ दिली तेव्हा. १९६३ मध्ये अमेरिकेत ते औषध मागे घेतले गेले. सावली उमटली नाही की मात्रा वाढवण्याचा मोह प्रत्येकाला होई आणि ज्यांचे यकृत औषध बाहेर टाकू शकत नव्हते त्यांच्याच मूत्रपिंडांवर सारा भार पडे. हा धोका या तपासणीच्या रचनेतच होता.

थायरॉइडवरचा परिणाम वेगळा. या गोळ्यांतले आयोडीन शरीरात दीर्घकाळ रेंगाळते आणि थायरॉइडच्या किरणोत्सारी तपासण्या कित्येक आठवडे, कधी महिने बिघडवते. शिवाय आयोपॅनोइक ॲसिड आणि आयपोडेट थायरॉइडच्या टी-४ या संप्रेरकाचे अधिक प्रभावी टी-३ मध्ये होणारे रूपांतर रोखतात. याच गुणामुळे अतिसक्रिय थायरॉइडच्या गंभीर रुग्णांत ही औषधे उपचार म्हणूनही वापरली गेली.

इतकी चांगली तपासणी होती तर बंद का पडली?

सोनोग्राफीमुळे. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात करड्या छटा दाखवणारी आणि हलते चित्र देणारी यंत्रे आली आणि काही वर्षांतच पारडे फिरले. गोळ्या नाहीत, किरण नाहीत, रात्रभराची वाट नाही. कावीळ असो, गर्भारपण असो, उलट्या होत असोत, पाच-दहा मिनिटांत खडा दिसतो आणि त्याची मागे पडणारी सावलीही दिसते. पित्ताशयातल्या खड्यांसाठी तिची अचूकता ९५ टक्क्यांच्या आसपास आहे. भिंतीची सूज, यकृत, फुगलेली नलिका हेही त्याच वेळी पाहून होते.

याच सुमारास टेक्नेशियमयुक्त औषधाने केलेला हायडा स्कॅन आला. यकृतातून पित्ताबरोबर उतरणारे औषध, नळी मोकळी असेल तरच पित्ताशय भरणे, संप्रेरक देऊन आकुंचन मोजणे, हे सगळे तत्त्व ग्रॅहम आणि कोल यांचेच. फक्त सावलीच्या जागी किरणोत्सार आला आणि तो कावीळ बेताची असतानाही चालतो. १९९० च्या दशकात एमआरसीपी या एमआरआय तपासणीने कोणतेही औषध न देता नलिकांचे चित्र देऊन उरलेली गरजही भागवली.

मधल्या काळात ती परत आली होती, असे वाचले. खरे का?

हो, थोड्या काळासाठी. १९८० च्या दशकात शस्त्रक्रिया टाळण्याचे दोन मार्ग चर्चेत होते: पित्ताम्लांच्या गोळ्यांनी कोलेस्टेरॉलचे खडे विरघळवणे आणि म्युनिकमध्ये १९८५ मध्ये सुरू झालेले, बाहेरून आघात-लहरींनी खडे फोडणे. दोन्हींसाठी नळी मोकळी आणि पित्ताशय कार्यक्षम असणे आवश्यक होते. खडा आहे हे सोनोग्राफी सांगे, पण पित्ताशय काम करते का, हे ओसीजी अधिक खात्रीने सांगे. खडा तरंगतो का, म्हणजे तो शुद्ध कोलेस्टेरॉलचा असण्याची शक्यता किती, हेही तीच सांगे. मग दुर्बिणीची शस्त्रक्रिया आली. १९८५ मध्ये एरिख म्यूहे आणि १९८७ मध्ये फिलिप मूरे यांनी सुरुवात केल्यावर ती झपाट्याने पसरली आणि खडे विरघळवण्याची गरज फारच थोड्या रुग्णांपुरती उरली.

आज ही तपासणी करून मिळेल का?

व्यवहारात नाही. गोळ्यांचे उत्पादन जवळजवळ थांबले आहे आणि नव्या रेडिऑलॉजिस्टांपैकी बहुतेकांनी ती कधी केलेली नाही. आज कोणी मागावी असेही कारण उरलेले नाही.

घरातल्या जुन्या फायलीत असा रिपोर्ट सापडला. त्यावरून काही ठरवता येईल का?

कुटुंबातल्या आजाराचा इतिहास म्हणून तो उपयोगी आहे, कारण पित्ताचे खडे कुटुंबांत आढळण्याची प्रवृत्ती असते. तोच माणूस हयात असेल आणि पित्ताशय काढलेले नसेल तर जुन्या रिपोर्टवर विसंबू नये, सोनोग्राफी करून घ्यावी. नॉर्मल लिहिलेले असले तरी इतक्या वर्षांत खडे नव्याने झालेले असू शकतात. उजव्या बरगडीखाली तीव्र कळ, ताप, डोळे पिवळे होणे अशी लक्षणे असतील तर जुनी फाइल शोधत न बसता थेट डॉक्टरांकडे जावे.

आयोडीनयुक्त औषधाची प्रतिक्रिया आल्याची नोंद त्यात असेल तर मात्र ती जपून ठेवा आणि पुढे कधी सीटी स्कॅन करताना डॉक्टरांना आधीच सांगा. औषधे वेगळी असली तरी ही माहिती त्यांना हवी असते.

फिल्म सापडल्या आहेत. त्या ठेवाव्यात का, आणि ठेवणे सुरक्षित आहे का?

१९५० नंतरच्या फिल्म ज्वालाग्राही नसतात. त्याआधीच्या, विशेषतः १९३० पूर्वीच्या फिल्म सेल्युलोज नायट्रेटच्या असू शकतात आणि त्या खरोखर धोकादायक असतात. मे १९२९ मध्ये क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये साठवलेल्या अशाच एक्स-रे फिल्मना आग लागली आणि विषारी धुराने सव्वाशेच्या आसपास माणसे दगावली. त्यानंतर सुरक्षित फिल्मचा आग्रह सगळीकडे वाढला. इतकी जुनी फिल्म हाती आली तर ती घरात न ठेवता जुन्या छायाचित्रांचे जतन करणाऱ्या संग्रहालयाचा किंवा अग्निशमन विभागाचा सल्ला घ्यावा.

नंतरच्या ॲसिटेट फिल्मना व्हिनेगरसारखा आंबट वास येऊ लागला तर त्या कुजायला लागल्या आहेत असे समजावे आणि बाकीच्यांपासून वेगळ्या कराव्यात. चांगल्या अवस्थेतल्या फिल्म कोरड्या, थंड जागी, प्रत्येक फिल्ममध्ये कागद घालून उभ्या ठेवाव्यात. मागून पांढरा उजेड टाकून छायाचित्र काढून ठेवले की मूळ फिल्म खराब झाली तरी चित्र राहते. टाकून द्यायच्या असतील तर कचऱ्यात नकोत. त्यांत चांदी असते आणि ती काढून घेणारे व्यावसायिक अशा फिल्म विकत घेतात. देण्याआधी रुग्णाचे नाव असलेला कोपरा कापून घ्यावा.